हायवेकडेची माती आणि करंजाची रोपं

हायवेच्या कडेची माती चाळायला घेतली की चाळणीवर डांबराची बारीक खडी आणि टायरचे काळे कण उरतात. खाली पडलेल्या मातीवर पाणी शिंपडलं तर ते लगेच मुरत नाही, थेंब धरून वरच बसतं. गाड्यांतून गळणाऱ्या ऑइलची ही करामत.

रोपवाटिकेत काही पिशव्या या मातीने भरल्या, शेजारी काही नेहमीच्या पोयट्याने, आणि दोन्हींत करंज टोकलं. दोन्हीकडे ते जवळपास बरोबरच उगवलं. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणे, ‘‘काही फरक नाही की!’’ फरक इतक्यात दिसणारही नव्हता. करंजाचं बी जाडजूड. पहिली पानं डाळिंब्यांतल्या शिदोरीवर निघतात. ती संपली की मग रोपाला मातीशी व्यवहार करावा लागतो.

तिथून हायवेच्या मातीतली रोपं मागे पडली. पेरं आखूड, पानं लहान. खरा प्रकार मात्र पिशवी फाडून मुळं बादलीत धुतल्यावर कळला. पोयट्यातलं सोटमूळ थेट तळाला जाऊन वळलेलं, अंगभर तंतुमुळं आणि त्यांवर नत्राच्या गाठी. दुसरं मूळ आखूड, टोकाला तपकिरी, तंतुमुळं विरळ; गाठी शोधाव्या लागल्या.

शिसेयुक्त पेट्रोल देशात 2000 साली बंद झालं, पण शिसं कुजत नाही. ते वरच्या काही इंचांत ठाण मांडून राहतं. टायरमधलं जस्त आणि ब्रेकमधलं तांबं तर रोज पडतंच आहे. (गाडी विजेवर चालली म्हणून टायर झिजायचे थांबत नाहीत.) शिसं बरंचसं मुळातच अडकतं, पानापर्यंत थोडंच पोचतं. म्हणून नुसतं पान तपासून रोप निरोगी ठरवणं मला पटत नाही. आमच्या रोपांना धातूंनी किती मारलं आणि तेलाने किती, हे मात्र प्रयोगशाळाच सांगेल.

शेणखताने शिसं बऱ्यापैकी बांधलं जातं. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत ते जास्त मोकळं राहतं, तिथे थोडा चुनाही लागतो.

रस्त्याकडेच्या वृक्षारोपणाचं बिल मंजूर करणाऱ्यांना एकच विनंती: रोपं मोजण्याआधी एखादा खड्डा उकरून बघा. वरची वीतभर माती बाजूला काढून पोयटा आणि शेणखत भरलंय, की तीच काळपट माती परत लोटली आहे?