नववा पर्याय

घाटकोपरच्या असल्फा डोंगरावर एखाद्या दारात प्रगणक उभा राहतो आणि विचारतो, "ताई, संडास घरात आहे का?" ताई मान हलवून खालच्या वळणाकडे बोट दाखवतात. तो एक आकडा लिहितो आणि पुढच्या दाराशी जातो. पुरती दोन मिनिटंही लागत नाहीत. पण त्या एका आकड्यात काय काय मावलेलं असतं, हे कळल्यापासून मला जनगणनेचा तो कागद गोष्टीच्या पुस्तकासारखा वाटू लागला आहे.

२०११ च्या जनगणनेची घरयादी २०१० मध्ये झाली. तिच्यात संडासाच्या प्रकारासाठी दहा पर्याय होते. ते ओळीनं वाचले की ध्यानात येतं, यादी मैल्याचा माग काढते आहे. मैला भूमिगत गटारात जातो? सेप्टिक टँकमध्ये? खड्ड्यात? मुलुंडच्या इमारतीत कुणी फ्लश ओढला की ते पाणी जमिनीखालून भांडुपच्या प्रक्रिया केंद्राकडे निघतं, अंधेरी पश्चिमेचं वर्सोव्याकडे. हा सगळा अदृश्य प्रवास पहिल्या पर्यायात आहे. खाली उतरत गेलं की उघड्या नाल्यात सोडलेला मैला येतो आणि मग सातवा पर्याय: माणसाच्या हातानं उचललेला. जुनी माणसं ज्याला टोपलीचा संडास म्हणत, तोच. स्वातंत्र्याला सहा दशकं उलटल्यावर देशातल्या ७,९४,३९० घरांपुढे हा पर्याय नोंदला गेला. हाताने मैला उचलण्याविरुद्ध २०१३ साली नवा कायदा झाला, त्याआधीच्या वादात हीच संख्या पुन्हा पुन्हा पुढे ठेवली गेली. प्रगणकानं दारोदारी विचारलं नसतं, तर ती कुठून आली असती?

आपल्या उपनगरांचा पर्याय मात्र नववा: आवारात संडास नाही, सार्वजनिक शौचालय वापरतो. देशभरात जेमतेम ३.२ टक्के कुटुंबांनी हे उत्तर दिलं. महाराष्ट्रात सुमारे १३ टक्क्यांनी, आणि राज्याच्या शहरी भागात तर पाचातल्या एका कुटुंबानं. इतर बऱ्याच राज्यांत घरात संडास किंवा उघड्यावर, असे दोनच रस्ते ठळक दिसतात. आपल्याकडे तिसरा रस्ता रुंद आहे. दहा बाय दहाच्या खोलीत माणसं मावतात, संडास मावत नाही; डोंगरउतारावर गटाराची पाइपलाइन चढवणं अवघड. म्हणून वस्तीसाठी एक इमारत, बायकांची एक रांग, पुरुषांची एक.

या नवव्या पर्यायातली दोन घरं शेजारी ठेवून बघा. पहिलं घाटकोपरच्याच आझाद नगरमधलं, जिथं २०१६ साली 'सुविधा' हे सार्वजनिक शौचालयाचं केंद्र सुरू झालं. तिथं आंघोळीचं आणि कपडे धुतल्याचं पाणी साफ करून पुन्हा फ्लशला वापरतात. दुसरं घर अशा वस्तीतलं, जिथं दाराला कडी नाही, बल्ब गेलेला आहे आणि संध्याकाळनंतर जावं लागू नये म्हणून बाई पाणीच कमी पितात. दोन्ही घरांपुढे आकडा एकच पडतो. मला यात जनगणनेचा दोष दिसत नाही, एवढ्या मोठ्या देशाला एवढंच विचारणं झेपतं. उरलेलं दुसऱ्या कुणीतरी मोजावं लागतं. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी', म्हणजे लघवीच्या हक्काच्या, चळवळीतल्या बायकांनी ते केलं. कोरो या चेंबूरच्या संस्थेतून निघालेल्या या कार्यकर्त्या सार्वजनिक शौचालयं बघत फिरल्या आणि पुरुषांना मुतारी फुकट असताना बायकांकडून पैसे का घेता, असं त्यांनी भर चौकात विचारलं. ज्या शब्दाला घराघरांत आवाज खाली येतो, तो त्यांनी चळवळीच्या नावातच घातला.

घरगुती संडास मोजणं ही काही आपलीच खोड नाही. अमेरिकेनं १९४० साली तो प्रश्न विचारला, ब्रिटननं १९५१ साली. आपल्याकडे १९९१ मध्ये २३.७ टक्के कुटुंबांकडे संडास होता, २०११ मध्ये ४६.९ टक्क्यांच्या आवारात.

'आवार' हा शब्दच मोठा गमतीचा. चाळीच्या गॅलरीच्या टोकाला चार बिऱ्हाडांत एक संडास असेल, तर तो घरातला म्हणायचा की बाहेरचा? २०११ च्या पर्यायांत या सामायिक संडासाला स्वतंत्र जागा नव्हती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मात्र असा संडास वेगळा मोजतात. कितीही चांगला असला तरी तो त्यांच्या लेखी 'मर्यादित' सोय. कोविडमुळे लांबलेल्या जनगणनेसाठी २०२० साली जी प्रश्नावली ठरली, तिच्यात शौचालयाची उपलब्धता हा वेगळा प्रश्न आला: फक्त आपल्या कुटुंबाचा, इतर कुटुंबांसोबतचा, सार्वजनिक, की उघड्यावर. २०२७ च्या जनगणनेच्या घरयादीतही हा प्रश्न आहे. रात्री टॉर्च घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या आजींना आता स्वतःचा रकाना मिळाला आहे.