मतभेद आणि मंडळीचें ऐक्य

जालन्याजवळील बेथेल हें ख्रिस्ती गांव रे. नारायण शेषाद्री यांनीं सर सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर वसविलें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु ज्या १८४३ सालीं मुंबईस नारायणरावांचा बाप्तिस्मा झाला, त्याच सालीं त्यांच्या गुरुजनांची स्कॉटलंडांतील मंडळी दुभंगली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. ऐक्यावर व्याख्यान ऐकण्यापेक्षां आपल्या मंडळीची ही वंशावळ पाहणें आम्हांस अधिक उपयोगाचें वाटतें.

वाद असा होता, कीं जमीनदारानें नेमलेला पाळक मंडळीस नको असल्यास तिला तो नाकारतां यावा कीं नाहीं. मुद्दा क्षुल्लक नव्हता. साडेचारशेंहून अधिक पाळक घर व वेतन यांवर पाणी सोडून बाहेर पडले आणि त्यांनीं ‘फ्री चर्च’ स्थापिलें. मुंबईंत डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी त्यांसच मिळाले, आणि शाळेची इमारत त्यांना सोडावी लागली. जालन्याचें काम वाढलें तें याच फ्री चर्चच्या छत्राखालीं.

पुढें १९०० सालीं फ्री चर्चच्या बहुसंख्य लोकांनीं दुसऱ्या एका प्रेस्बिटेरियन मंडळीशीं ऐक्य केलें. तेव्हां मागें राहिलेल्या मूठभरांनीं सर्व मालमत्तेवर हक्क सांगितला, आणि १९०४ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें तो मान्यही केला! अखेर १९०५ सालीं पार्लमेंटास कायदा करून वांटणी करावी लागली. मूळची फूट सांधली गेली ती १९२९ सालीं, म्हणजे शहाऐंशी वर्षांनीं.

आपल्या देशांत मात्र परदेशच्या या भिंती कशाला हव्यात, असा विचार बळावत होता. पश्चिम हिंदुस्थानांतील काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ सालीं प्रेस्बिटेरियन मंडळ्यांशीं एक झाल्या. मग १९२९ पासून अँग्लिकन, बाप्टिस्ट आदिकरून इतरांशीं बोलणीं सुरू झालीं, तीं चाळीस वर्षें चाललीं. सर्वांत अवघड प्रश्न बाप्तिस्म्याचा. एक पक्ष म्हणे, ख्रिस्ती आईबापांच्या तान्ह्या बाळास तो द्यावा. दुसरा म्हणे, स्वतः विश्वास कबूल केल्यावांचून तो खरा नव्हे. बहुमतानें एका पक्षास हरवितां आलें असतें. पण हरलेला बंधु उद्यां प्रभुभोजनास शेजारीं बसेल काय? म्हणून दोन्ही रीती एकाच मंडळींत मान्य करण्यांत आल्या, आणि सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागण्याची सक्ती कोणत्याही पाळकावर ठेविली नाहीं. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. दक्षिण आशियाची मेथोडिस्ट मंडळी ऐन वेळीं दूर राहिली, हेंही सांगितलें पाहिजे.

जें मतांच्या बाबतींत साधलें, तें मालमत्तेच्या बाबतींत तितकें साधलें नाहीं. ब्रेदरन मंडळीच्या गुजरातेंतील मालमत्तेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऐक्याचा ठराव केल्यानें नोंदलेल्या संस्थेची मालमत्ता आपोआप नव्या मंडळीकडे जात नाहीं, त्यास कायद्याची रीत पाळावी लागते, असा निर्णय २०१३ सालीं झाला. स्कॉटलंडांत जें घडलें होतें, त्याचीच ही आवृत्ति नव्हे काय? आमच्या मतें पुष्कळ तंटे धर्ममताच्या नांवाखालीं चालतात, पण त्यांचें मूळ हिशेबांत व किल्ल्यांच्या जुडग्यांत असतें. असा तंटा केवळ प्रार्थनासभा भरवून मिटत नाहीं.

पहिल्या मंडळींतही प्रसंग याच जातीचा आला होता. यरुशलेमेंत रोजच्या वांटणींत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतें, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनीं इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध कुरकुर केली. प्रेषितांनीं तिला बंडखोरी म्हटलें नाहीं. सर्वांस एकत्र बोलाविलें, आणि वांटणीच्या कामावर विश्वासू माणसें निवडण्यास मंडळीसच सांगितलें. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत निवडलेल्या सातांचीं नांवें दिलीं आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना व निकलाव. हीं सातही नांवें ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हातीं कोठार देण्यांत आलें.