अंधारात उजळणाऱ्या वस्तू आणि त्यांची मुदत

लखनौच्या बड्या इमामबाड्यात दुपारच्या उन्हातून आलेला प्रवासी वरच्या मजल्यावरील भुलभुलैयाच्या अरुंद बोळांत शिरतो, तेव्हा पहिली काही मिनिटे त्याला समोरची भिंतही नीट दिसत नाही. नवाब आसफउद्दौला याने १७८४ साली, दुष्काळाच्या काळात, हा इमामबाडा बांधावयास घेतला. खालच्या मजल्यावर खांबांचा आधार नसलेले सुमारे पन्नास मीटर लांबीचे प्रशस्त दालन आहे, आणि त्याच्याभोवतीच्या व वरच्या जाड बांधकामात हे बोळ एकमेकांत गुंतलेले आहेत. काही वाटा चार पावलांत संपतात, काही सज्जावर निघतात, तर काही पुन्हा जेथून निघालो तेथेच आणून सोडतात.

अशा प्रवाशाच्या हाती अंधारात उजळणारी एखादी किल्ल्यांची साखळी आहे असे समजू. सकाळभर ती उन्हात होती. उजेड न पोचणाऱ्या कोपऱ्यात जाऊन त्याने ती बाहेर काढली, तर ती त्याला निस्तेज दिसेल आणि दुकानदाराने आपल्याला फसविले असेच वाटेल. पण तेथेच पाव तास थांबून त्याने पुन्हा पाहिले, तर तीच साखळी त्याला पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसू लागेल. वस्तुतः एवढ्या वेळात तिच्या प्रकाशाचा फार मोठा भाग संपून गेलेला असतो. वाढलेली असते ती त्याच्या डोळ्यांची संवेदनशीलता. उन्हातून आलेल्या डोळ्याला अंधाराची पुरती सवय होण्यास अर्धा तास तरी लागतो. तेव्हा अशी वस्तू किती वेळ उजळते, या प्रश्नाचे उत्तर देताना पाहणारा कोण आणि तो कोठून आला आहे हेही विचारावे लागते. बाजारातील वेष्टनांवर 'बारा तास' किंवा 'रात्रभर' असे छापलेले असते, त्यात या दुसऱ्या प्रश्नाचा मागमूसही नसतो.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे मोटारीच्या मागे, सायकलच्या चिखलपट्टीवर किंवा उसाच्या ट्रॉलीला चिकटविलेल्या चकाकत्या पट्टीस सर्रास 'रेडियम' म्हणतात. तिच्यात रेडियम मुळीच नसते, आणि तिला स्वतःचा प्रकाशही नसतो. बारीक काचमण्यांच्या किंवा कोनयुक्त पृष्ठांच्या योगाने ती समोरच्या दिव्याचा प्रकाश आल्या दिशेने परत पाठविते. दिवा मालवताच तीही मालवते. ज्याच्या वाहनाचे दिवे बंद आहेत, त्याला रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली त्या पट्टीमुळे दिसणार नाही. या पट्टीच्या बाबतीत 'किती वेळ' हा प्रश्नच उद्भवत नाही.

रेडियम हे नाव मात्र वाऱ्यावरून आलेले नाही. मारी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ मध्ये रेडियमचा शोध लावल्यानंतर थोड्याच वर्षांत ते झिंक सल्फाइडच्या चूर्णात मिसळून घड्याळांच्या तबकड्या रंगविण्यास सुरुवात झाली. रेडियममधून अखंड बाहेर पडणारे कण चूर्णावर आदळत आणि चूर्ण उजळे. सूर्यप्रकाशाची त्याला गरज नव्हती. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे, म्हणजे इतक्या काळात त्याची किरणोत्सर्गिता निम्मी होते. त्यामुळे हे घड्याळ पिढ्यान्‌पिढ्या उजळत राहील असा कोणाचाही समज व्हावा. तसे झाले नाही. त्याच कणांच्या माऱ्याने झिंक सल्फाइडचे स्फटिक विस्कटून गेले, आणि काही वर्षांत, फार तर काही दशकांत, तबकड्या काळ्या पडल्या. उजेड गेला, रेडियम मात्र तेथेच राहिले. आजोबांच्या पेटीतून निघालेले तसले जुने घड्याळ आज अंधारात दिसत नाही; पण त्याची तबकडी खरवडणे आजही धोक्याचे आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज येथील कारखान्यात १९१७ पासून अशा तबकड्या रंगविणाऱ्या मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करण्यास शिकविलेले होते. त्यांच्या जबड्यांची हाडे सडली. त्यांच्यापैकी पाच जणींनी १९२७ मध्ये चालविलेला दावा पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला, तोवर कित्येकींचे प्राण गेले होते. रेडियमनंतर प्रोमिथियम आले. त्याचे अर्धायुष्य अवघे २.६ वर्षांचे. मग ट्रिटियम आले, त्याचे १२.३ वर्षांचे. या वस्तूंची मुदत वर्षांत मोजतात, आणि ती बव्हंशी त्या मूलद्रव्याच्या अर्धायुष्यावरून ठरते.

आज बाजारात मिळणाऱ्या साखळ्या, मनगटपट्ट्या, छताला चिकटवावयाच्या चांदण्या किंवा विजेच्या बटणांभोवतीची वर्तुळे या सर्व निराळ्या जातीच्या आहेत. त्यांत किरणोत्सर्गी द्रव्य नसते. उजेडात असताना त्या प्रकाश साठवितात आणि अंधारात तो हळूहळू परत देतात. या क्रियेस प्रस्फुरण म्हणतात. इटलीतील बोलोन्या शहराच्या एका चांभाराला, विन्चेन्झो काशारोलो याला, १६०२ च्या सुमारास जवळच्या डोंगरात सापडलेला जड दगड भाजल्यावर अंधारात उजळू लागला. तो सोने करण्याच्या खटपटीत होता. सोने झाले नाही, परंतु प्रस्फुरणाचा अभ्यास येथून सुरू झाला असे मानतात.

प्रकाश साठतो म्हणजे काय होते, हे समजण्यास पुन्हा भुलभुलैयात जाणे सोयीचे आहे. प्रकाशाच्या आघाताने स्फटिकातील इलेक्ट्रॉन आपले स्थान सोडून मोकळे होतात. स्फटिकात जागोजागी असलेल्या उणिवांमध्ये त्यांतील काही अडकून पडतात. उष्णतेमुळे स्फटिकाचे अणू सतत कंप पावत असतात, आणि त्या धक्क्यांनी अडकलेले इलेक्ट्रॉन कधी ना कधी बाहेर पडून मूळ जागी परततात. परतताना प्रकाश देतात. उथळ बोळांत शिरलेले क्षणात बाहेर येतात, खोल शिरलेले तासन्‌तास चाचपडत राहतात. म्हणूनच अशा वस्तूचा प्रकाश दिव्याप्रमाणे एकदम जात नाही. तो प्रथम झपाट्याने आणि नंतर अतिशय संथपणे उतरतो. स्थूलमानाने, वेळ दुप्पट झाला की प्रकाश निम्म्यावर येतो. एका मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत जेवढी घट होते, तेवढीच पुढे एका तासापासून दोन तासांपर्यंत होते.

कोणत्या चूर्णात किती खोल बोळ आहेत यावर सारे अवलंबून आहे. तांब्याचा अंश मिसळलेले झिंक सल्फाइड हे जुने चूर्ण. ते पहिली काही मिनिटे बरे दिसते आणि तासाभरात बहुधा निरुपयोगी होते. स्वस्त खेळण्यांत आजही तेच असते. जपानमधील नेमोतो या कंपनीने १९९३ मध्ये युरोपियम व डिस्प्रोसियम या दुर्मिळ मृदा धातूंचा अंश घातलेले स्ट्राँशियम ॲल्युमिनेट पुढे आणले. त्याचा उजेड आणि त्याची मुदत जुन्या चूर्णाच्या सुमारे दसपट भरली. हिरवट प्रकाशाने रात्रभर दिसत राहणाऱ्या वस्तू त्यानंतरच्या आहेत. या चूर्णाचा एक वैरी म्हणजे पाणी. दाण्यांवर संरक्षक लेप नसेल, तर ओलाव्याने ते विघटित होते.

आता मुदतीच्या आकड्याकडे वळू. सुरक्षाचिन्हांसाठी केलेल्या जर्मन मानकात एक ठराविक रीत आहे. १,००० लक्स प्रकाशात चिन्ह पाच मिनिटे ठेवावयाचे, मग अंधार करून त्याची दीप्ती मोजावयाची. चांगल्या प्रतीच्या चिन्हाची दीप्ती दहा मिनिटांनी दर चौरस मीटरला १४० मिलिकँडेला आणि साठ मिनिटांनी २० मिलिकँडेला असू शकते. पौर्णिमेच्या प्रकाशात पांढरा कागद जेवढा उजळ दिसतो, त्याच्या दुपटीएवढी पहिली आणि सुमारे पावपट दुसरी. आणि मुदत संपली असे केव्हा म्हणावयाचे? दीप्ती ०.३ मिलिकँडेलापर्यंत उतरली की. अंधारास पूर्ण सरावलेल्या डोळ्याला जेवढे किमान दिसते त्याच्या शंभरपट ही सीमा आहे. पण व्यवहारात ती अमावास्येच्या रात्री केवळ ताऱ्यांच्या उजेडात दिसणाऱ्या कागदाएवढीच होय. वरील चिन्ह या सीमेपर्यंत पोचण्यास जवळजवळ दोन दिवस लागतात. वेष्टनावर छापलेला मोठा आकडा खोटा नसतो. तो फक्त शेवटच्या, कोणाच्याही फारशा उपयोगी न पडणाऱ्या उजेडापर्यंत मोजलेला असतो. ज्या उजेडात पायरी दिसेल, बाण ओळखता येईल, असा काळ त्यातला पहिला तास-दोन तासांचाच असतो. जहाजांवरील वाटदर्शक पट्ट्यांसंबंधी १९९३ मध्ये झालेला आंतरराष्ट्रीय ठराव या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. त्याने एकूण तास सांगण्याऐवजी दहा मिनिटांनी किमान १५ आणि साठ मिनिटांपर्यंत २ मिलिकँडेलाहून अधिक अशी अट घातली.

हा फरक खेळण्यांपुरता असता तर त्याचा एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. लखनौच्या एका उपनगराचे नावच मानकनगर आहे. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना १९५७ पासून येथे आहे, आणि रुळांपासून डब्यातील लहानसहान वस्तूंपर्यंत अनेक गोष्टींची मानके येथे तयार होतात. आजकाल रेल्वेच्या डब्यांतील बर्थचे क्रमांक, संकटकाळी उघडावयाची खिडकी इत्यादी ठिकाणी अंधारात उजळणाऱ्या खुणा दिसतात. लखनौहून संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी मुंबईस पोचणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमधील एक रात्र कल्पनेत आणावी. दहाच्या सुमारास मोठे दिवे मालवतात. पहाटे तीनला काही कारणाने डब्यातील उरलासुरला उजेडही गेला, तर खिडकीवरील खूण केवढी उजळ असेल? ती वर सांगितलेल्या चांगल्या प्रतीची आणि पूर्ण भरलेली असेल, तर पाच तासांनी तिची दीप्ती साडेतीन मिलिकँडेलाच्या आसपास उरेल. झोपेतून जागा झालेला, म्हणजे ज्याचे डोळे अंधाराला सरावलेले आहेत असा प्रवासी ती सहज पाहील. त्याच वेळी शेजारच्या बर्थवर मोबाईलचा पडदा पाहत जागा असलेल्यास ती पहिली काही मिनिटे दिसणार नाही. असे दोघे एकाच डब्यात असतात.

शिवाय 'पूर्ण भरलेली' हे गृहीतही तपासले पाहिजे. डब्यातील प्रकाश प्रयोगशाळेतील १,००० लक्सहून पुष्कळ मंद असतो. मंद प्रकाशात अधिक वेळ ठेवून ही उणीव भरून निघत नाही, कारण एकीकडे बोळ भरत असताना दुसरीकडे ते रिकामेही होत असतात, आणि लवकरच दोहोंचा समतोल होऊन साठा वाढावयाचा थांबतो. प्रकाशाचा रंगही महत्त्वाचा. या चूर्णांना जंबुपार, जांभळा आणि निळा प्रकाश मानवतो. सूर्यप्रकाशात तो भरपूर आहे, पिवळट दिव्यात थोडा, तांबड्यात नाही. दिवाणखान्यात जुन्या पद्धतीच्या पिवळ्या दिव्याखाली टांगलेली वस्तू रात्री लवकर विझते, याचे कारण बहुधा वस्तूत नसून दिव्यात असते.

लखनौची हवा आणखी एक गोष्ट दाखवून देते. मे महिन्यात तेथील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, जानेवारीच्या रात्री ते दहा अंशांखाली येते. उष्णतेच्या धक्क्यांनीच इलेक्ट्रॉन सुटत असल्यामुळे उन्हाळ्यात हीच वस्तू आरंभी अधिक उजळते आणि लवकर संपते. थंडीत ती मंद दिसते, पण जास्त पुरते. जत्रेत विकल्या जाणाऱ्या, वाकविल्यावर उजळणाऱ्या द्रवभरल्या कांड्यांचेही असेच होते. त्यांत साठविलेला प्रकाश नसून रासायनिक क्रिया असते. ती क्रिया एकदा संपली की संपली. कोणत्याही उन्हाने कांडी पुन्हा भरत नाही.

ज्याला स्वतः पडताळा पाहावयाचा असेल, त्याने एक साखळी उन्हात ठेवून लगेच शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात टाकावी. अर्ध्या तासाने अंधाऱ्या खोलीत बाहेर काढली असता ती प्रथम जवळजवळ विझलेली दिसेल. मग तळहातात धरताच, कोणताही नवा प्रकाश न मिळता, ती उजळू लागेल.

बोळ पुरेसे खोल असले तर ही मुदत तासांत मोजता येत नाही. नदीच्या वाळूतील क्वार्ट्झचे कण वाहत असताना सूर्यप्रकाशाने रिकामे होतात. गाडले गेल्यावर भोवतालच्या मातीतील अल्प किरणोत्सर्गाने ते पुन्हा भरू लागतात. त्यांतील इलेक्ट्रॉन साध्या उष्णतेने सुटत नाहीत, हजारो वर्षे तेथेच राहतात. प्रयोगशाळेत अंधारात ठेवून त्यांवर प्रकाश टाकला की ते क्षणभर उजळतात, आणि त्या उजेडावरून वाळू केव्हा गाडली गेली हे काढता येते. लखनौ विद्यापीठातील भूशास्त्रज्ञांनी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने गंगेच्या मैदानातील थरांचा काळ याच रीतीने ठरविला. त्यांतील कित्येक कणांनी शेवटचा सूर्य पाहिला त्याला दहा हजारांहून अधिक वर्षे लोटली होती.