रिकाम्या जागेपुढील प्रश्नचिन्ह

चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरी ही वस्ती तळ्याकाठची व सखल आहे. २०१५ सालच्या डिसेंबरातील अतिवृष्टीत येथील पुष्कळ रस्ते पाण्याखाली गेले होते. याच वस्तीतील संगणकाच्या खासगी वर्गांत आज तरुण मंडळी भ्रमणध्वनीसाठी आज्ञावली लिहावयास शिकतात.

समजा, त्यांपैकी एकाने तळ्याच्या पाण्याची पातळी दाखविणारी आज्ञावली लिहावयास घेतली. मोजणीयंत्राकडून आकडा आलाच नाही, तर पडद्यावर काय दाखवावे? शून्य दाखविले, तर तळे कोरडे आहे असा समज होईल. आणि पुराच्या रात्री तो घातक ठरेल. पातळी शून्य असणे आणि पातळी ठाऊक नसणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी होत.

‘ठाऊक नाही’ हे सांगण्यासाठी अनेक संगणकभाषांत ‘नल’ नावाची रिक्तखूण असते. टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६५ साली ती ‘अल्गोल डब्ल्यू’ या भाषेत आणली. पण कोणती जागा रिक्त असू शकेल, हे लेखनावरून कळत नसे. अशा जागेतून आकडा काढू जाताच आज्ञावली ऐन वेळी बंद पडे. २००९ साली खुद्द होअर यांनीच या कल्पनेला आपली अब्ज डॉलरांची चूक म्हटले.

जेटब्रेन्स कंपनीने २०११ साली जाहीर केलेल्या ‘कोटलिन’ भाषेने यावर साधा उपाय योजला. फिनलंडच्या आखातातील एका बेटावरून तिचे नाव पडले आहे. जे मूल्य रिक्त असू शकते, त्याच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह लिहिलेच पाहिजे, असा तिचा नियम आहे. रिक्ततेची सोय केल्यावाचून ते मूल्य वापरू गेल्यास आज्ञावली चालण्यापूर्वीच चूक दाखविली जाते. लेखकाने मुद्दाम दोन उद्गारचिन्हे घातली, तर मात्र हा पहारा उठतो आणि जबाबदारी त्याच्यावर येते.

ही भाषा मितभाषीही आहे. जुन्या जावा भाषेत ज्या नोंदीच्या वर्णनास अनेक ओळी लागत, ते येथे एका ओळीत होते. गूगलने २०१७ साली अँड्रॉइडसाठी तिला मान्यता दिली व २०१९ साली अग्रक्रम दिला.

परंतु थोडक्यात लिहिणे म्हणजे गाळून लिहिणे नव्हे. ओळी कमी करणारी ही भाषा ते एक चिन्ह मात्र गाळू देत नाही. म्हणूनच आकडा न आल्यास काय दाखवावे, हे त्या विद्यार्थ्याला आधीच ठरवावे लागते. आणि पडद्यावर शून्याऐवजी ‘नोंद आलेली नाही’ हे शब्द उमटू शकतात.