टाके निघायच्या आधी पाऊल: हाडाला जोडलेला तात्पुरता पाय

समजा, धडगावजवळच्या एखाद्या पाड्यावरचा तिशीतला माणूस आहे. मार्च महिन्यात घाटात जीप उलटली आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माणूस काल्पनिक आहे, पण घाट खरा आहे आणि पुढचं वेळापत्रकही खरं आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायची, मग कैऱ्या सोलून आमचूर वाळवायचा, जूनमध्ये पेरणी. घरातल्या रोख पैशाचा मोठा भाग याच तीन महिन्यांत येतो.

आता दवाखान्याचं वेळापत्रक बघा. टाके निघायला दोन-तीन आठवडे. मग उरलेल्या पायाची, म्हणजे स्टंपची, सूज उतरायची, पट्टी बांधून त्याला आकार द्यायचा, आणि सगळं सुरळीत झालं तर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पहिल्या कृत्रिम पायाचं माप. धडगावच्या माणसासाठी 'सगळं सुरळीत' हा भाग फारच अवघड. मापाला एक फेरी, पाय बसवायला दुसरी, स्टंप आटला की सॉकेट सैल होतो म्हणून तिसरी. शहाद्यापर्यंत घाट उतरून, पुढे नंदुरबार किंवा धुळे किंवा सुरत. पाऊस लागला की काही पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं, हे आपण बातम्यांत दरवर्षी वाचतो. आठ आठवड्यांचे आठ महिने व्हायला वेळ लागत नाही.

त्या काळात शरीर थांबून राहत नाही. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपायची सवय लागते आणि गुडघा वाकलेला आखडतो. मग पाय मिळाला तरी नीट उभं राहता येत नाही. मांडीचे स्नायू आटतात. भार नसलेलं हाड विरळ होत जातं. म्हणून 'लवकर चालणं' ही फक्त सोयीची गोष्ट नाही.

मग थांबतात कशासाठी? संशोधनाचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

साध्या कृत्रिम पायात शरीराचा भार सॉकेटमधून जातो आणि सॉकेट कातडीला धरून असतो. हाड ते स्नायू, स्नायू ते कातडी, कातडी ते सॉकेट, सॉकेट ते नळी, नळी ते पाऊल, असा भाराचा रस्ता आहे. या साखळीत ताजी जखम बरोबर मध्ये येते. शिवाय स्टंप दर दिवशी वेगळ्या आकाराचा असतो. आज घेतलेलं माप पुढच्या आठवड्यात चुकीचं. म्हणजे अडचण हाडाची नाहीच. गुडघ्याखालचं हाड शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीही भार घ्यायला बऱ्यापैकी तयार असतं. अडचण मधल्या मऊ भागाची आहे.

यावर एक जुना उपाय आहे. १९६०च्या दशकात पोलंडचे मारियन वाइस आणि अमेरिकेत सिअॅटलचे अर्नेस्ट बर्जेस यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच स्टंपवर प्लास्टर चढवून त्याला नळी आणि पाऊल जोडण्याची पद्धत पुढे नेली. रुग्ण काही दिवसांत थोडा भार टाकत उभा राहायचा. प्लास्टरने सूज दाबली जाते, गुडघा सरळ राहतो. पण जखम आत झाकली जाते. आत पू झाला तर कळायला उशीर होतो, आणि प्लास्टर सैल झालं की प्रत्येक पावलाला स्टंप आत वर-खाली घासतो. चांगली टीम असेल तिथे हे जमतं.

दुसरा रस्ता असा की मऊ भाग टाळायचाच. हाडात सळ्या घालायच्या, त्या कातडीबाहेर आणून रिंगांना घट्ट करायच्या, आणि रिंगांच्या खाली कृत्रिम पाय जोडायचा. स्टंपचं टोक मधे मोकळं लोंबतं, त्याला कशाचाही स्पर्श नाही. जखम दिसते, ड्रेसिंग करता येतं, सूज चढली-उतरली तरी फरक पडत नाही. या कल्पनेवर काम करणारे लोक आहेत, पण ही अजून रूढ शस्त्रक्रिया नाही. म्हणूनच आपल्यासाठी ती अभ्यासायला चांगली.

यातले सुटे भाग नवे नाहीत. रिंगांची चौकट गावरिल इलिझारोव्ह यांची. ते सैबेरियात कुर्गान भागातल्या एका खेड्यात डॉक्टर होते, १९५०च्या दशकात त्यांनी ताणलेल्या तारा आणि रिंगा वापरून मोडलेली हाडं बाहेरून धरायची पद्धत उभी केली. त्या चौकटीवर रुग्ण पाय कापलेला नसताना चालतातच. आपल्याकडेही फिक्सेटरची स्वतःची परंपरा आहे. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांची 'जेस' पद्धत वाकड्या पावलांसाठी आणि हातांसाठी देशभर वापरली गेली. अर्थात तिच्या बारीक तारा माणसाचं वजन पेलायला केलेल्या नाहीत, त्यामुळे 'स्वस्त आहे, हीच वापरू' असं सरळ म्हणता येणार नाही. आणि हाडातून थेट भार नेणं शक्य आहे हे स्वीडनमध्ये कायमस्वरूपी रूपात दिसलं आहे. ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे दाखवलं, आधी दातांसाठी आणि १९९०मध्ये मांडीच्या हाडात रोपण करून कृत्रिम पायासाठी. पण तिथे हाड आणि धातू जुळेपर्यंत महिनोन्‌महिने थांबावं लागतं. फिक्सेटर उलट, पहिल्या दिवसापासून घट्ट असतो आणि काही आठवड्यांनी काढून टाकायचा असतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

माणूस ५० किलोचा धरू, म्हणजे साधारण ५०० न्यूटन. पाऊल उचलायच्या क्षणी भार चवड्यावर असतो. चवडा हाडाच्या रेषेपासून समजा १२ सेंटिमीटर पुढे आहे. ५०० गुणिले ०.१२, म्हणजे ६० न्यूटन-मीटरचं वाकवणारं बल हाडावर येतं. हे बल पेलायला हाडाला दोन पातळ्यांवर पकड आहे, एक गुडघ्याजवळ आणि एक खाली. दोन्हींत ८ सेंटिमीटर अंतर असेल तर प्रत्येक पातळीवर ६० भागिले ०.०८, म्हणजे ७५० न्यूटनचा आडवा रेटा. माणसाच्या वजनापेक्षाही जास्त! स्टंप आखूड असेल आणि अंतर ४ सेंटिमीटरच मिळालं, तर १५०० न्यूटन.

हे ढोबळ गणित आहे. चालताना जमिनीचा रेटा वजनाच्या थोडा वरही जातो, आणि काठी किंवा वॉकर असेल तर पायावरचा भार कमी होतो. पण त्यातून एक गोष्ट लगेच दिसते, ती म्हणजे या काळात पाऊल पावलासारखं दिसायची गरज नाही. पूर्ण लांबीच्या पावलाऐवजी खाली गोलसर, आखूड तळ दिला आणि भाराची रेषा हाडापासून ४ सेंटिमीटरच्या आत ठेवली, तर तेच ७५० न्यूटन २५० वर येतात. जयपूर फूट छान आहे, उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं, पण ते नंतर. पहिल्या सहा आठवड्यांना बहुतेक एक कुरूप, आखूड ठोकळाच बरा. रुग्णाला ते आवडेल का, हा वेगळा प्रश्न.

सळ्यांचंही तसंच. गोल सळीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ५ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटर घेतली की तो दुपटीच्या थोडा वर जातो. पण भोक हाडाच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं करायचं नसतं, नाहीतर सळी काढल्यावर हाड तिथेच मोडायची भीती. उलट सळीची मोकळी लांबी, म्हणजे हाडापासून रिंगेपर्यंतचं अंतर, दुप्पट झालं तर ती आठपट लवचिक होते. म्हणून गुडघ्याखाली ही कल्पना जास्त पटते. नडगीचं हाड पुढून-आतून कातडीला लागूनच असतं, हात फिरवून बघा. मांडीत तसं नाही. तिथे सळी जाड मांसातून जाते, मोकळी लांबी वाढते आणि स्नायू हलला की सळीभोवतीची कातडी ओढली जाते.

या ओढाताणीतूनच खरा धोका येतो, पिनच्या जागी होणारा संसर्ग. फिक्सेटर लावलेल्या कोणाही रुग्णाला विचारा, सळीभोवती लाली, पाणी, दुखणं हे नवं नसतं. बहुतेक वेळा स्वच्छता आणि गोळ्यांवर भागतं, कधीकधी सळी सैल होते, हाडापर्यंत पोचतं आणि ती काढावी लागते. यावरचे शोधनिबंध वाचायला घेतलेत तर आकडे कुठल्या कुठे दिसतील. घाबरू नका, आधी प्रत्येकाने 'संसर्ग' कशाला म्हटलंय ते बघा. चेकेट्स आणि ऑटरबर्न यांच्या सहा पायऱ्यांच्या वर्गीकरणात पहिल्या तीन सौम्य आणि पुढच्या तीन गंभीर आहेत. एकाने पहिल्या पायरीपासून मोजलं आणि दुसऱ्याने चौथीपासून, तर दोघांची टक्केवारी शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. स्वतःचा अभ्यास आखताना ही व्याख्या पहिल्या रुग्णाआधी लिहून ठेवायची, नंतर नाही.

तुलना कोणाशी करायची, हेही आधी ठरवा. 'फिक्सेटरवाले लवकर चालले, पलंगावरचे उशिरा' हा निष्कर्ष काढायला संशोधन लागत नाही. खरी तुलना काढता-घालता येणाऱ्या कडक आवरणाशी किंवा चांगल्या प्लास्टरशी व्हायला हवी. हाडात सळ्या घालण्याची किंमत मोजून वर काय मिळालं, हा प्रश्न आहे. रुग्णही निवडून घ्यावे लागतील. मधुमेहाने किंवा रक्तवाहिन्या बंद होऊन पाय गेलेल्या माणसाच्या कातडीत आणखी आठ भोकं पाडणं मला तरी पटत नाही. अपघातातला तरुण, हाड शाबूत, गुडघा शाबूत, तोच इथे बसतो.

प्रयोगशाळेत सुरुवात करायची असेल तर माणूस लागतच नाही. कृत्रिम हाडावर चौकट बसवायची आणि वारंवार भार द्यायचा. किती वेळा? त्या पायाची दिवसाला १००० पावलं आणि ४२ दिवस धरले तर ४२,००० आवर्तनं. कृत्रिम पायांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ १०३२८ मध्ये, थकव्याची चाचणी ३० लाख आवर्तनांची आहे, पण ते वर्षानुवर्षं वापरायच्या पायासाठी. सहा आठवड्यांच्या चौकटीला कुठला आकडा लावायचा? यावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल. माझ्या मते ४२,००० च्या काही पट घ्यावं आणि त्यात अधूनमधून एक मोठा, तिरका झटका द्यावा. कारण धडगावात सपाट जमीन कमी. उतारावर पाय घसरला की भार सरळ येत नाही.

पण हीच गोष्ट मला थांबवतेही. आज ही चौकट लावून कोणाला पाड्यावर पाठवावं का? नाही. पिनची जागा रोज बघायला हवी, स्वच्छ पाणी हवं, आणि सळी सैल झाली तर त्याच दिवशी तज्ज्ञापर्यंत पोचता यायला हवं. म्हणजे हे सहा आठवडे माणूस दवाखान्याजवळ राहणार. मग त्याच्याबरोबर कोण राहणार, त्या दोघांची मजुरी बुडणार ती कोण देणार, हे अभ्यासाच्या खर्चात लिहावं लागेल. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आणि मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून पाय बसवण्याचं काम करत आहेत, म्हणजे महाराष्ट्रात या कामाचा अनुभव कमी नाही. तो अनुभव आहे तिथे पहिला अभ्यास व्हावा. मात्र मोजायचं काय, हे धडगाव बघून ठरवावं. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर सहा मिनिटांत किती मीटर चालला एवढ्यावर न थांबता, उतार उतरला का, पाण्याचा हंडा घेऊन चालला का, दोन्ही हात मोकळे होते का, हेही नोंदवावं.

आणि संमतीपत्र. 'तुमच्या हाडात सळ्या घालून त्यांना पाय जोडणार आहोत' हे मराठीत समजावणंही सोपं नाही, आणि त्या माणसाची घरची भाषा पावरी किंवा भिलोरी असू शकते. आधी चौकटीचा नमुना त्याच्या हातात द्यावा, शक्य असेल तर ती लावलेला दुसरा माणूस दाखवावा, आणि 'नको' म्हटल्यावरही साधा पाय तितक्याच आस्थेने मिळेल हे त्याच्या भाषेत, त्याच्या घरच्या माणसांसमोर सांगावं. नीतिमत्ता समितीच्या अर्जात या गोष्टीला एक ओळ पुरत नाही. मी तरी दोन पानं लिहीन.