चित्राआधीची भिंत : अजिंठ्याच्या गिलाव्याविषयी

अजिंठ्याच्या चित्रांचा विचार बहुधा रेषा, रंग आणि जातककथा यांच्या अंगाने होतो. ज्या लेपावर ती चित्रे उभी आहेत त्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी जाते. वास्तविक चित्रकाराच्या कुंचल्याचा स्पर्श तेथील खडकाला झालेलाच नाही. तो झाला खडकावर चढविलेल्या मातीला. ही पूर्वतयारी शिल्पग्रंथांत 'भूमिबंधन' ह्या नावाने ओळखली जाते. तिचे गुणदोष ध्यानी घेतल्यावाचून चित्रांच्या आजच्या अवस्थेचा उलगडा होत नाही.

लेणी काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, खोदलेली आहेत. ज्या पृष्ठभागावर रंगकाम व्हावयाचे तो छिन्नीच्या घावांनी खडबडीतच ठेवलेला आढळतो. हा आळस नव्हे. मातीचा लेप दगडाशी रासायनिक रीतीने एकजीव होत नाही. त्याला खाचाखोचांचाच आधार लागतो. आजचा गवंडीही गुळगुळीत काँक्रीटला गिलावा करण्यापूर्वी टाचे मारतो, त्यामागील कारण हेच होय. ह्या खडबडीत पृष्ठावर लोहयुक्त मातीचा जाड थर दिलेला आहे. तीत दगडाची भरड, वाळू, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आढळतात. ओली माती वाळताना आकसते आणि तडकते. तंतूंमुळे तो ताण विभागला जातो व मोठी भेग पडत नाही. जाड थरावर बारीक मातीचा दुसरा थर, आणि त्यावर चुन्याचा अगदी पातळ पांढरा हात.

हा पांढरा हात वाळल्यानंतर, डिंकासारख्या बंधकद्रव्यात कालविलेले रंग त्यावर लाविले गेले. म्हणून ह्या चित्रांना 'फ्रेस्को' म्हणणे चुकीचे आहे. फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यात मुरतो व त्याच्याशी एकरूप होतो. अजिंठ्यास तो वर बसलेला आहे. खालची माती सुटली की चित्रही पोपड्याबरोबर गळून पडते.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्रात भिंतीच्या लेपाची कृती दिलेली आहे. विटांचे चूर्ण, माती, गुग्गुळ, मेण, गूळ, तेल, चुना, बेलफळाचा गर अशी द्रव्ये एकत्र करून ती महिनाभर भिजत ठेवावी असे तेथे सांगितले आहे. हे वचन अजिंठ्याच्या वर्णनाशी जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरला पाहिजे. अजिंठ्याचा लेप प्रामुख्याने मातीचा व तुसाचा आहे, विटांच्या चूर्णाचा नव्हे. ग्रंथ आदर्श सांगतो. कारागीर हाताशी असलेल्या सामग्रीने काम करितो.

शब्दांची साक्षही ह्या संदर्भात उद्बोधक आहे. संस्कृतात 'सुधा' म्हणजे अमृत, तसाच चुनाही. चुन्याने धवललेला प्रासाद तो 'सौध'. मराठी 'चुना' हा 'चूर्ण' पासून आलेला. 'गिलावा' मात्र फारसीतून आला असून त्याच्या मुळाशी 'गिल' म्हणजे माती व 'आब' म्हणजे पाणी हे शब्द आहेत. सिमेंटच्या लेपालाही आपण आज गिलावाच म्हणतो, परंतु शब्दाच्या पोटात माती अद्याप शिल्लक आहे.

१८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस ही लेणी पडल्यानंतर चित्रांच्या नकला होऊ लागल्या. त्या निमित्ताने काही चित्रांवर वार्निश चढले. पुढे १९२० नंतर निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे पोपडे बसविले, परंतु लाखेचा जो लेप दिला तो कालांतराने पिवळा पडून काळवंडला. पृष्ठभागाची चिंता वाहताना लेपाखालील मातीचा श्वास कोंडला, असेच म्हणावे लागेल.

खरा शत्रू पुष्कळसा आतच होता. जे तूस व तंतू लेपाला बळकटी देतात तेच कीटकांचे अन्न होतात. दमट हवेत त्यांनी लेप आतून पोखरला. वेरूळच्या मातीच्या लेपात मात्र भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे २०१६ साली 'करंट सायन्स' मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले, आणि तेथे कीटकांचा उपद्रव न आढळण्याचे श्रेय संशोधकांनी त्या तंतूंना दिले. अजिंठ्याच्या लेपात भांग नाही.