आकडे बदलले, की वाट बदलली?

कोपर हे मध्य रेल्वेवरचे, दिवा आणि डोंबिवली यांच्यामधले लहानसे स्थानक. इथली गंमत अशी की खाली ठाणे-कल्याणची मुख्य लाइन आहे आणि तिच्या डोक्यावरून दिवा-वसई मार्ग जातो. त्यामुळे कोपरहून वसई रोडला जायचे तर वाटा दोन. वरच्या फलाटावरून भिवंडी रोड, कामण रोड करीत थेट जायचे, नाहीतर खालून दादर गाठून पश्चिम रेल्वेची गाडी पकडायची. दुसरी वाट बरीच लांबची. खिडकीवरच्या अनुभवी बुकिंग क्लार्कला हे कुणी सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र सांगावे लागते, आणि सांगितलेले त्याला नीट उमगले आहे ना, हे कुणीतरी तपासून पाहावे लागते.

हे तपासणे म्हणजेच सॉफ्टवेअर टेस्टिंग. डोंबिवली-कल्याणकडची कितीतरी मुले-मुली रोज सकाळी ऐरोली-महापेला जाऊन हे काम करतात, पण घरच्यांना ते समजावून सांगताना त्यांची पंचाईत होते. म्हणून आज आपण तिकिटाचेच उदाहरण घेऊ.

समजा, तिकीट देणारा एक प्रोग्राम तपासायचा आहे. कोपरहून वीस स्थानके घेतली. प्रत्येकासाठी दुसरा वर्ग आणि पहिला वर्ग, एकेरी आणि परतीचे, पूर्ण आणि अर्धे तिकीट. म्हणजे एका स्थानकामागे आठ आणि एकूण १६० तिकिटे झाली. ती हाताने काढून पाहायची, आणि प्रोग्राममध्ये जरासा बदल झाला की पुन्हा पहिल्यापासून पाहायची. कारण एकीकडे दुरुस्ती करताना दुसरीकडे काही बिघडले नसेल याची खात्री नसते. माणूस विसाव्या तिकिटाला कंटाळतो आणि शंभराव्याला चुकतो. म्हणून बटणे दाबण्याचे काम दुसऱ्या प्रोग्रामवर सोपवतात. ही झाली स्वयंचलित चाचणी.

पण प्रत्येक तिकिटासाठी वेगळा चाचणी-प्रोग्राम लिहिला, तर एक बटण इकडचे तिकडे होताच १६० ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग डेटा-ड्रिव्हन, म्हणजे माहितीवर चालणारा. कृती एकदाच लिहायची: स्थानक निवड, वर्ग निवड, भाडे वाच. आणि माहिती एक्सेलसारख्या तक्त्यात ठेवायची. एक ओळ म्हणजे एक तिकीट. शेवटच्या रकान्यात अपेक्षित भाडे. चाचणी एकेक ओळ उचलते आणि तीच कृती १६० वेळा करते. इडलीपात्र एकच, पीठ तेवढे बदलायचे, असा हा प्रकार.

याचा फायदा केव्हा होतो पाहा. ५ मे २०२२ पासून मुंबई उपनगरी गाड्यांचे पहिल्या वर्गाचे एकेरी भाडे निम्मे झाले; पासाचे दर मात्र तेच राहिले. अशा वेळी कृतीला हात लावावा लागत नाही. तक्त्यातले तेवढे आकडे बदलले की झाले.

अडचण येते ती वाट बदलली की. कोपर ते ठाणे म्हटले की मार्गाचा प्रश्नच येत नाही. पण कोपर ते वसई रोड म्हटल्यावर प्रोग्राम एक जादा प्रश्न विचारणार: कोणत्या मार्गे? आपली कृती त्या प्रश्नापाशी अडते. मग तक्त्यात 'मार्ग विचारला तर' असा रकाना वाढतो, नंतर आणखी एक वाढतो. वर्षभराने तो तक्ता लिहिणाऱ्यालाच कळतो.

दुसरा मार्ग कीवर्ड-ड्रिव्हन, म्हणजे शब्दांवर चालणारा. इथे तक्त्यात माहितीबरोबर कृतीचे नावही लिहितात: 'स्थानक निवडा: वसई रोड', 'मार्ग निवडा: भिवंडी रोड', 'भाडे तपासा'. प्रत्येक शब्दामागचा प्रोग्राम जाणकाराने एकदा लिहून ठेवायचा. मग जिथे मार्गाचा प्रश्न येतो तिथे ती ओळ घालायची, येत नाही तिथे गाळायची.

ही कल्पना नेदरलँड्सच्या हान्स ब्युवाल्डा यांनी नव्वदच्या दशकात 'कृतिशब्द' या नावाने मांडली. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पेक्का लौक्कानेन यांनी या दोन्ही पद्धतींवर प्रबंध लिहिला. त्याच विचारातून नोकियात 'रोबोट फ्रेमवर्क' घडले आणि २००८ मध्ये ते सर्वांना मोफत खुले झाले. शब्दांवर चालणाऱ्या चाचणीसाठी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही निघाले.

मुंबईत डिसेंबर २०१४ मध्ये मोबाइलवर अनारक्षित तिकीट आले, तेव्हा आधी त्याची प्रत यंत्रातून छापून घ्यावी लागे. २०१५ पासून कागदाची गरज संपत गेली. १ जुलै २०२५ रोजी 'रेलवन' हे एकत्रित ॲप आले. हे बदल आकड्यांचे नव्हेत, वाटेचे आहेत. अशा ठिकाणी शब्दांची पद्धत उपयोगी पडते.

मात्र ती फुकट मिळत नाही. शब्दांमागचा प्रोग्राम उभा करायला आधी बराच वेळ आणि पैसा लागतो, आणि पुढे शिस्त लागते. एकाने 'भाडे तपासा' लिहिले, दुसऱ्याने 'भाडे पाहा', तिसऱ्याने 'रक्कम जुळवा', की एकाच कामाचे तीन शब्द होतात आणि कोशाचा बाजार होतो. चार-दोन पडद्यांच्या लहान प्रोग्रामला हा खटाटोप परवडत नाही. म्हणून 'कोणती पद्धत नवी?' असे न विचारता 'आपल्याकडे वारंवार काय बदलते, आकडे की वाट?' असे विचारावे. मोठ्या कामात बहुधा दोन्हींची सांगड घालतात: शब्दांनी वाट आखायची आणि तिच्यावरून तक्त्यातले आकडे चालवायचे.

दोन्ही पद्धतींना एक धोका सारखाच आहे. अपेक्षित भाड्याचा रकाना भरायचा कुठून? घाईच्या दिवसांत सोपा उपाय सुचतो: प्रोग्राम चालवा आणि तो जे भाडे दाखवील तेच उतरवून घ्या. मग १६० ओळी हिरव्या दिसतात, पण त्यांतून काहीच सिद्ध होत नाही. चूक स्वतःशीच जुळते. पुढे टीसी कमी भाड्याचे तिकीट धरतो, तेव्हा चूक यंत्राची असली तरी उत्तर प्रवाशाला द्यावे लागते. म्हणून तो रकाना प्रोग्रामबाहेरच्या, छापील भाडेपत्रकावरूनच भरला पाहिजे. भाडे अंतराच्या टप्प्यांनी वाढते, तेव्हा टप्पा बदलतो तिथली आधीची आणि नंतरची अशी दोन्ही स्थानके घेतली पाहिजेत. आणि कोपरहून वसईला दोन वाटांनी जाता येते, हे माहीत असलेला माणूस तक्ता लिहिताना हजर पाहिजे.

शब्दांच्या पद्धतीचे खरे मोल मला इथे वाटते. प्रोग्राम लिहिता न येणारा, पण तिकिटांचे नियम तोंडपाठ असणारा माणूस तो तक्ता वाचू शकतो आणि 'दादरमार्गेची ओळ राहिली' असे सांगू शकतो. यंत्रे आली म्हणून हाताने तपासणाऱ्यांचे काम संपले, असे वर्षानुवर्षे बोलले जाते. बटणे दाबण्याचे काम संपले असेलही. काय तपासायचे हे ठरवण्याचे काम अजून माणसाकडेच आहे. आणि ज्या कंपन्या जाणकार जुन्या टेस्टरला घरी बसवून नुसते साधन विकत घेतात, त्यांच्या तक्त्यात वसईला जायची एकच वाट उरण्याची भीती असते.